आईनेही एकदा बॅग भरली होती

मंडळी, परवा मी पुण्याच्या कॉलेजला निघतेय. आज दुपारी सर्वण गावातल्या आमच्या घरी आई माझे कपडे घडी करून बॅगेत भरत होती. मध्येच म्हणाली, "माझीही बॅग अशीच भरली होती गो. फोंड्याला नर्सिंग शिकायला जायचं होतं. डिचोलीच्या स्टँडवरून परत आले."

अठरा वर्षांत हे मला आज पहिल्यांदा कळलं.

"कोणी अडवलं?"

"कोणी नाय. बस आली, माझाच पाय उचलला नाय."

"मग आता वाईट वाटतं?"

आईने बॅगेची चेन ओढली आणि म्हणाली, "परवा मी स्टँडवर येणार नाय. बाबा सोडतील."

तेव्हापासून डोकं चालत नाहीये. मी निघावंच म्हणून तिने हे सांगितलं, की परत आले तरी चालेल म्हणून? तुम्हाला काय वाटतं?