चालत्या मशीनचा करार

शोभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिवशाहून अमरावतीला येणाऱ्या एसटीत होतो. त्यांची मुलगी बोलत होती. दुपारी जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत, म्हणाली. महिना होऊन गेला, पण त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की दुःखाआधी हुरूपच येतो... बाई होत्याच तशा.

मूळच्या अकोल्याच्या. अमरावतीच्या एका सरकारी दवाखान्यात, खरेदी शाखेत, त्या माझ्या वरिष्ठ. खरेदी म्हणजे निविदा काढायची आणि कमी दरवाल्याला काम द्यायचं, एवढंच मला ठाऊक. पहिल्याच आठवड्यात त्यांनी समोर बसवलं. "पलंग घ्यायचा असन तर किंमत ठरव, पलंग घे, विषय संपला. सलाईन किती लागन हे कोणालेच ठाऊक नाही, तिथं वर्षाचा दर बांधून घे अन् लागन तसं मागव. पण जे रोज चालाच लागते, ते नुसतं विकत घेऊन काय करशीन?" फायलींत इतकी गंमत असते हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं.

हा प्रश्न त्यांना डायलिसिसच्या खोलीनं घातला होता. तिथल्या चारपैकी तीन मशीन बंद पडून प्लास्टिकखाली झाकलेल्या. हमी संपली आणि पुरवठादार फोन उचलेना. भातकुलीच्या एक बाई नवऱ्याला घेऊन यायच्या आणि नंबर न लागल्यामुळे परत जायच्या. एकदा त्या थेट आमच्या शाखेत आल्या. "मशीन तुमीच घेतल्या ना मॅडम? मंग माह्या मालकाले काहून लावून नाही राहिले?"

शोभाताईंनी उठून त्या बाईंना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं.

दुसऱ्याच दिवशी टिपणी तयार होती. मशीन विकत घ्यायच्याच नाहीत. कंपनीनं आणाव्यात, लावाव्यात, सांभाळाव्यात; आपण पूर्ण झालेल्या प्रत्येक डायलिसिसचे पैसे द्यायचे. मशीन बंद, तर बिल बंद. दवाखान्याचे मोठे साहेब बिचकले. "ऑडिटवाल्यांना उत्तर कोण देणार?"

"मी देईन. माही सही पयले घ्या."

निविदा निघाली आणि एकही कंपनी आली नाही. शाखेत लोक हसले. ताईंनी कंपन्यांना बैठकीला बोलावलं, अडचण विचारली. पाणी किंवा वीज गेली तर खापर आमच्यावर का, असं त्यांचं म्हणणं. रास्त होतं. पाणी-वीज दवाखान्याकडे, ही अट घालून पुन्हा निविदा काढली. तीन कंपन्या आल्या. नव्या मशीन लागल्या, तेव्हा भातकुलीच्या बाईंच्या नवऱ्याचा नंबर पहिल्याच दिवशी लागला.

महिनाभरात एक मशीन सकाळीच बंद पडली. आम्ही एकच फोन केला होता, पण दुपारपर्यंत नागपूरहून इंजिनिअर घामाघूम होऊन हजर. तासाभरात मशीन सुरू. ताईंनी टेबलावर थाप मारली. "पाह्यलं? करार धावून राहिला."

तेरवीला अकोल्याला गेलो, तर तो इंजिनिअरही आलेला. "मॅडमनं मले लय पळवलं," एवढंच बोलला आणि डोळे पुसत पंगतीत बसला. पानावर वरण पडतं न पडतं तोच त्याचा फोन वाजला. अमरावतीहून, डायलिसिसच्या खोलीतून. तो पानाकडे पाहत अवघडून बसला.

वाढणारी ताईंची मुलगी थांबली. "जा भाऊ," ती म्हणाली. "आई असती तर तिनं तुमाले बसूच दिलं नसतं."

तो उठला, हात धुतले आणि निघाला.