गुप्तदानाची गाडी

आमच्या भागात गुप्तदानाला फार मान होता. देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं कोरलेली असत, गावासकट, वडिलांच्या नावासकट आणि रकमेसकट. पण यादीच्या शेवटी नुसतं ‘गुप्तदान’ लिहिलेलं असलं की लोक तिथे जरा जास्त वाकत. कुणी दिलं हे विचारायचं नसे. विचारलं तर देणाऱ्याचं पुण्य जातं आणि विचारणाऱ्याला पाप लागतं, अशी समजूत होती. माझे वडील कुळकर्णीपण करत. कोणत्या गटाचा बांध कुणी कधी सरकवला हे त्यांना तोंडपाठ होतं, पण गुप्तदानाचा विषय निघाला की तेही गप्प बसून पानाला चुना लावू लागत.

या समजुतीचं काय करता येतं ते मला दुसरी मोठी लढाई संपल्यानंतर कळलं. तेव्हा मी प्रवरेकाठच्या एका गावात लोकल बोर्डाच्या शाळेवर मास्तर होतो. अक्षर बरं म्हणून गावच्या आरोग्यसंस्थेचा चिटणीसही मलाच केलं होतं. चिटणीस म्हणजे ओसरीवर ठरलेली गोष्ट सभेत ठरल्यासारखी लिहिणारा माणूस. अध्यक्ष होते गावातले मोठे बागायतदार. त्यांना सगळे अण्णा म्हणत. संस्था धर्मादाय असल्यामुळे तिला इन्कमटॅक्स माफ होता. ते माफीचं पत्र अण्णांनी काचेत बसवून गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगलं होतं आणि ते दोघांना मिळून एकच उदबत्ती लावत.

संस्थेचं खरं काम एकटी बाई करत असे. नगरच्या एका दवाखान्यात शिकलेल्या त्या ख्रिस्ती नर्सबाई चावडीमागच्या खोलीत बाळंतपणं करत. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि उकळलेल्या पाण्याचा वास. कमिटीच्या प्रत्येक सभेत त्या एकच मागणी करत. अडलेली बाई नगरलाच न्यावी लागते, आणि कोल्हारच्या हमरस्त्यापर्यंतचे चार मैल बैलगाडीच्या हिसक्यांनी तिचा जीव जातो. “मला गाडी द्या,” त्या म्हणत. “इमारत नंतर बांधा. तिच्यावर कुणाची पाटी लावायची त्यावर भांडणं तर त्याहून नंतर करा.”

आणि एके दिवशी गाडी आली. नगरच्या लष्करी छावणीत जुन्या गाड्यांचा लिलाव होता. त्यातली एक रुग्णवाहिका संस्थेने घ्यावी म्हणून पैसे घेऊन एक मुनीमजी आले. पावती गुप्तदान म्हणून फाडा, एवढंच ते बोलले. मुनीम कोणत्या पेढीचे ते मला ठाऊक होतं, त्यामुळे मालकही ठाऊक झाले. नगरचे मोठे कापडवाले. लढाईच्या काळात कंट्रोलचं, म्हणजे सरकारी भावाने विकायचं कापड त्यांच्या पुढच्या दारात कधी मिळालं नाही आणि मागच्या दारात कधी संपलं नाही. तो पैसा ना बँकेत ठेवता येत होता, ना इन्कमटॅक्सवाल्यांना दाखवता येत होता. आमच्याकडे आला आणि तो धर्म झाला.

मला तेव्हा संशय आला असेल असं कुणाला वाटेल. तसं काही झालं नाही. पावती फाडताना माझ्या अंगावर काटा आला, तोही भक्तीने. हा माणूसही शेवटी धर्माला जागला, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. चार पुस्तकं वाचलेल्या माणसाची अक्कल किती लवकर हात जोडते पाहा.

गाडीला पांढरा रंग दिला, लाल क्रॉस ठेवला आणि बाजूला ‘निःशुल्क रुग्णसेवा’ असं मी स्वतः उभं राहून रंगवून घेतलं. दीड महिना ती खरोखर रुग्णांसाठी फिरली. दोन अडलेल्या बायका नगरला वेळेवर पोचल्या. नर्सबाई तेवढ्या काळात मला दोनदा हसताना दिसल्या.

मग असेंब्लीच्या निवडणुका लागल्या. आमच्याकडचे एक उमेदवार नगरचे वकील होते, आणि वकील होते ते त्याच कापडवाल्यांचे. त्यांचा मुख्य मुद्दा साधी राहणी हा होता. ते येण्याआधी त्यांच्या साधेपणाची व्यवस्था बघायला चार माणसं येऊन जात. तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं. ज्याचा शेतसारा सरकारात जातो, ज्याला लिहिता येतं, अशांनाच होतं. मतदार थोडे, त्यामुळे एकेकाची किंमत फार, आणि वाड्यावस्त्यांवरून प्रत्येकाला उचलून आणणं फायद्याचं.

मतदान आमच्याच शाळेत होतं. मी सरकारी नोकर म्हणून यादी घेऊन टेबलाशी बसलो होतो. सकाळपासून रुग्णवाहिका मतदार आणत होती. उमेदवाराच्या एजंटाने गाडीवर एकही पोस्टर लावू दिलं नव्हतं. “संस्थेची गाडी आहे, तिचं पावित्र्य राखा,” असं तो आपल्या पोरांना बजावत होता. लाल क्रॉसखालून धडधाकट माणसं धोतर सावरत उतरत होती.

अकराच्या सुमारास नर्सबाई शाळेच्या दारात आल्या.

“मास्तर, गाडी कुठं आहे?”

“मतदार आणायला गेलीय, आत्ता येईल,” मी म्हणालो. तोंडातून ते वाक्य बाहेर पडलं तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हे लिहिताना मात्र हात थांबतो.

“मूल आडवं आहे. तिला आत्ताच्या आत्ता नगरला न्यायला हवं.”

बाई होती मळ्यातल्या एका तरुण शेतकऱ्याची बायको, एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. नवरा नर्सबाईंच्या मागेच उभा होता. सकाळच्या पहिल्या फेरीत त्याच गाडीतून येऊन तो मत देऊन गेला होता.

गाडी आली. दहाबारा माणसं उतरली. नर्सबाई सरळ ड्रायव्हरकडे गेल्या. ड्रायव्हरने एजंटाकडे बघितलं. एजंट नगरचा, झब्ब्याला फाउंटन पेन लावलेला, बोलायला अतिशय नम्र.

“बाई, एकच फेरी. पलीकडच्या वाडीवर नऊ मतं उन्हात ताटकळलीत.”

“त्यांना चालत यायला सांगा. त्यांच्या पोटात कुणी नाही.”

“तासाभरात गाडी तुमच्या दारात उभी करतो. शब्द देतो.”

“तुमच्या शब्दावर मी तिला झोपवू?”

तेवढ्यात मत देऊन बाहेर आलेले एक म्हातारे गाडीत चढून बसलेही. “आमाला घरला कोन सोडनार?” ते म्हणाले. “येताना बशिवलं, जाताना बी बशवा.” दोघंतिघं हसले. मी टेबलावरून उठलो नाही. उठलो असतो तर काय झालं असतं? नोकरी गेली असती, कदाचित. ड्रायव्हर माझ्या ओळखीचा होता, संस्थेचा चिटणीस म्हणून मी त्याला हुकूम देऊ शकत होतो. मी पुढच्या मतदाराचं नाव विचारलं.

गाडी गेली. वाडीवरून ती परस्पर दुसऱ्या वाडीवर गेली, कारण तिथे आणखी मतं सापडली. दीड तास वाट बघून नवऱ्याने बैल जुंपले. नर्सबाई त्या बैलगाडीत बसून बरोबर गेल्या. कोल्हारला प्रवाशांची सर्व्हिस मोटार नव्हती. त्या दिवशी तालुक्यातली प्रत्येक मोटार लोकशाहीच्या सेवेत होती. शेवटी गुळाच्या ढेपा नेणारा एक ट्रक थांबला. ढेपांवर पोती अंथरून तिला निजवलं. ट्रकवाल्याने पैसे घेतले नाहीत. दिवेलागणीला ती नगरला पोचली. मूल गेलेलं होतं. तिचा जीव वाचला, पण पिशवी काढावी लागली. पुन्हा मूल होणं नाही.

आमची रुग्णवाहिका संध्याकाळी साडेचारला चावडीपाशी येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने भोंगाही वाजवला.

वकीलसाहेब निवडून आले. उमेदवाराला खर्चाचा कागद शपथेवर सादर करावा लागे आणि तो कुणालाही बघता येई. मी नगरला गेलो तेव्हा कलेक्टर कचेरीत जाऊन बघितला. वाहन या सदरात लिहिलं होतं: सायकल एक, स्वतःची, पंक्चर काढण्यासह. त्या कागदात कापडवाले नव्हते, आमची संस्था नव्हती, गाडी नव्हती. आणि कायद्याने पाहिलं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. गाडी त्यांची नव्हती, पैसा त्यांचा नव्हता, गाडी धर्माची होती. धर्माला कोण विचारणार? मी तिथून बाहेर पडून छावणीच्या रस्त्याने बराच वेळ चालत राहिलो. इतका संताप मला त्याआधी कधी आला नव्हता, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं.

पण खरी लाज पुढेच होती. पेट्रोल रेशनवर होतं आणि कुपनं रुग्णांसाठी म्हणून मिळत, तेव्हा प्रत्येक फेरीला वहीत रुग्णाचं नाव आणि आजार लिहावा लागे. अण्णा मतदारांची एक यादी घेऊन घरी आले. नावापुढे पेन्सिलीने आजार घातले होते. तालमीतल्या एका पैलवानाला अशक्तपणा होता. सत्तरीच्या एका गृहस्थांना गोवर आला होता. यादीच्या तळाशी तिचं नाव होतं: अडलेली बाळंतीण, नगर, सुखरूप.

“अण्णा, ही तर बैलगाडीने गेली.”

“मास्तर, एक तरी खरा पेशंट पाहिजे ना वहीत,” अण्णा म्हणाले. आवाजात जराही कपट नव्हतं. कपट असतं तर बरं झालं असतं. “आणि सुखरूप हाय की ती. न्हाई का?”

मी लिहिलं. सुरेख अक्षरात लिहिलं.

वार्षिक सभा मारुतीच्या पारावर भरली. देणगीदारांना बरं वाटावं म्हणून रुग्णांची नावं मोठ्याने वाचायची पद्धत होती. मी वाचू लागलो. आपापले आजार ऐकून लोक एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. “गोवर, काका? दूर सरका जरा,” असं कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मग मी तिचं नाव वाचलं.

बायका मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांतून ती उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिने दाताखाली धरला होता, तो सोडला.

“मास्तर, थांबा. ते नाव काढा. मी त्या गाडीत बसले न्हाई.”

नवरा पुढच्या रांगेत होता. तो मान खाली घालून बसून राहिला.

अण्णा समजुतीने म्हणाले, “पोरी, वहीत नाव असलं म्हणून काय बिघडतं? सरकारदरबारी तुझी नोंद झाली.”

“मग त्या दिशी गाडी कुठं हुती, त्याची बी नोंद असंल. ती वाचा.”

ती माझ्याकडे बघत होती. “कुनाची गाडी हाय ती? एवढं तरी सांगा. कुनी दिली आन् कशापायी दिली?”

“गुप्तदान आहे ते,” अण्णा म्हणाले. “त्याचं नाव विचारायचं नसतं, पोरी.”

मी वही मिटली आणि नाव घेतलं. पेढीचं, मालकांचं, मुनीमजींचं. कोणत्या वकिलासाठी गाडी आली तेही सांगितलं, आणि वहीतल्या आजाऱ्यांपैकी कोण कोणत्या वाडीवरून मत द्यायला आलं तेही. इथे ते नाव लिहीत नाही. त्यांची नातवंडं आज आहेत आणि त्यांनी मला काही केलेलं नाही.

सभा पेटली, माझ्यावर. गाडी मतदारांसाठी फिरली याची कुणाला चीड नव्हती. ते सगळ्यांना माहीतच होतं, निम्मे लोक तिच्यात बसून आले होते. चीड होती गुप्तदान फोडल्याची. “बामनाच्या पोटी जन्मून दात्याचं नाव फोडलंत?” असं एक पुढारी थरथरत म्हणाले. ज्यांना गोवर आला होता ते काका उठून मारुतीपुढे नाक घासून आले, ऐकल्याचं पाप लागू नये म्हणून. लगेच ठराव झाला: अज्ञात दात्याचे आभार, चिटणिसाचा निषेध. नवीन चिटणीस तिथल्या तिथे नेमले. अण्णांनी वही माझ्या हातातून घेतली. तिचं नाव खोडायचं राहून गेलं होतं. खिशातून पेन काढेपर्यंत वही त्यांच्या काखेत होती. पुढच्या महिन्यात माझी बदली दक्षिणेला, काष्टीकडच्या एका शाळेवर झाली. नर्सबाईंनी त्याआधीच खोलीची किल्ली चावडीवर ठेवून गाव सोडलं होतं.

सभा उठल्यावर मी चपला शोधत होतो. तिचा नवरा पुढे निघून गेला होता. ती माझ्याजवळ येऊन थांबली. माझी क्षमा करायला आली असेल असं मला वाटलं. माणसाला काय काय वाटतं.

“न्हाई काढलं ना नाव?” ती म्हणाली.

“नाही.”

“ऱ्हाऊ द्या. त्या मानसाचं सांगितलंत ते बरं केलं.” तिने पदर पुन्हा डोक्यावर घेतला. “इतकं दिस शिव्या देत हुते, पन कुनाला देतीय ते ठावं नव्हतं. आता सकाळ-सांच नाव घिऊन दिईन. तुमचं बी घेते मधी मधी.”