मागून हाक

आमच्या गावात पाहुणा घरी पोचायच्या आधीच त्याचा चहा चुलीवर चढलेला असतो. यात आगत्याचा भाग थोडा आणि जमिनीचा जास्त. समुद्रपूर तालुक्यातली आमची बाजू इतकी सपाट आहे, की फाट्यावर बसमधून कोण उतरलं ते आमच्या ओट्यावरून दिसतं. चेहरा दिसत नाही, चाल दिसते. आणि चालीवरून माणूस ओळखता आला नाही तर माय म्हणायची, डोळे तपासून घे. उंची म्हणून काय ती लांबवर गिरडची टेकडी, तीही हवा स्वच्छ असली तर. बाकी काळी जमीन, तूर, पऱ्हाटी, हिवाळ्यात चना. बाहेरची माणसं म्हणतात, तुमच्याकडे बघण्यासारखं काही नाही. मी वाद घालत नाही. ज्यांना बघायला मध्ये काहीतरी आडवं यावं लागतं, त्यांना काय समजावणार?

येणारा जसा लवकर दिसतो, तसा जाणाराही फार वेळ दिसत राहतो. मी वर्ध्याला डी.एड. करत होते तेव्हा दर सोमवारी फाट्यापर्यंत चालत जायचे. पांदण, म्हणजे शेतांमधली गाडीवाट, मोठा वळसा घेऊन जाते. मी बसमध्ये चढेपर्यंत बाबा ओट्यावर उभे असायचे. एकदा मी डबा घरी विसरले. बाबांना तो दिसला तेव्हा मी जेमतेम पांदणीला लागले होते, हाकेच्या अंतरावर. त्यांनी हाक मारली नाही. डबा उचलला, शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं आडवे धावत सुटले, भिजलेल्या तुरीतून, आणि मी फाट्यावर पोचले तर हे आधीच तिथे उभे. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलात, धाप लागलेली.

"आवाज द्याचा ना बाबा," मी म्हटलं.

"जाणाऱ्याले मागून आवाज देत नाई," ते म्हणाले. "समोर येऊन सांगाचं."

हा नियम आमच्या घरात फार पक्का होता. चुकून कोणी हाक मारलीच तर त्यावर उतारा होता म्हणे, पण बाबांनी तो वापरायची वेळ कधी येऊच दिली नाही. दरवेळी ते धुऱ्यावरून धावले.

मला नोकरी लागली ती पार समुद्राकाठी. जिल्हा परिषदेची शाळा, भाड्याच्या दोन खोल्या, पहिला मजला. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे नकोत. बदलीच्या यादीत माझं नाव दरवर्षी असतं आणि दरवर्षी तिथेच राहतं.

त्या गावाबद्दल मी बरं बोलायचा प्रयत्न करते, पण जमत नाही. सोमवार ते गुरुवार ते गाव असतं. शुक्रवारी संध्याकाळी त्याची जत्रा होते, आणि जत्रेला निदान देव तरी असतो. बैलगाडीपुरत्या गल्ल्या, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, आणि त्यात छत उघडलेल्या गाड्या. प्रत्येक गाडीत वेगळं गाणं. किनाऱ्यावर उंट, घोडे, पाण्यातल्या स्कूटर, ओल्या वाळूत रुतलेली कोणाची तरी नवी कोरी जीप आणि ती ओढायला आलेला ट्रॅक्टर. सकाळी फुटलेल्या बाटल्या. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या घरी खानावळ नाहीतर राहायच्या खोल्या, त्यामुळे सोमवारी वर्ग पेंगत असतो. मी कोणाला बोलणार? याच जत्रेवर त्यांची चूल पेटते. पण मला तिथे श्वास पुरत नाही, हेही खरं.

माय गेल्यावर वर्षभरात बाबांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, एकटं ठेवू नका. दिवाळीनंतर मी त्यांना इकडे घेऊन आले. शेत शेजारच्या काकांना बटईनं दिलं. बाबांनी येताना एकच अट घातली होती: चना घाट्यावर यायच्या आत, शेंगा धरायच्या आत, मला परत आणून सोड.

पहिल्या दिवशी ते गॅलरीत उभे राहिले. समोर गडगा, त्यामागे माड, माडामागे हॉटेलची पाण्याची टाकी.

"काऊन वं बाई," ते म्हणाले, "इथं तं काहीच दिसत नाई."

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी त्यांना समुद्रावर नेलं. ओहोटी होती, किनारा रिकामा. ते वाळूलगतच्या कठड्यावर बसले. मग म्हणाले, "हेच एक सपाट हाय इथं. आपल्या शिवारासारखं. फक्त धुरे नाईत." त्या दिवसापासून रोज सकाळी एकटेच जायचे. कठड्यावर बसून लांब बघायचे. मी विचारायचे, काय दिसलं? तर म्हणायचे, काही नाई, तेच तं पाहाले जातो.

डिसेंबर लागला तसं त्यांचं सुरू झालं. "कवा जाचं वं? चना फुलावर आला असन." मी म्हणायचे, चाचणी संपू द्या. चाचणी संपली, मग प्रशिक्षण निघालं, मग शाळेचं स्नेहसंमेलन. कारणं खोटी नव्हती, पण खरं कारण दुसरंच होतं. इतक्या वर्षांनी माझ्या खोलीत कोणीतरी 'मले' आणि 'तुले' म्हणत होतं. शाळेतून आले की खोलीत दिवा लागलेला असायचा. हे सोडवत नव्हतं. एकदा ते थोडे रागावून म्हणाले, "तू मले फसवून राह्यली." मी हसले. ते हसले नाहीत. शेवटी जानेवारीतली तिकिटं काढली आणि त्यांना मोबाइलवर दाखवली. त्यांनी चष्मा लावून तारीख दोनदा वाचली.

वर्षाचा शेवटचा आठवडा होता. गावात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक गाड्यांमध्ये झोपत होते, किनाऱ्यावर तंबू पडले होते. त्या सकाळी बाबा समुद्रावर गेले आणि लगेच परत आले. "बसाले जागाच नाई," म्हणाले. दिवसभर खोलीत येरझारा. दुपारी चारच्या सुमारास चपला घातल्या.

"आत्ता कुठे? गर्दी बघा जरा."

"जरा सपाट पाहून येतो," म्हणाले आणि जिना उतरले.

मी वळले तर टेबलावर गोळ्यांची डबी. ती उचलून गॅलरीत धावले. बाबा बरोबर खालीच होते, फाटकातून बाहेर पडत होते. पाठमोरे. दहा-बारा पावलं असतील. मी तोंड उघडलं होतं. 'बा' ओठांवर आला होता.

मी तोंड मिटलं.

घाबरून नाही, विचार करूनही नाही. हात चटका बसायच्या आधी मागे येतो तसं. जाणाऱ्याला मागून हाक मारत नाहीत, समोर जाऊन सांगतात. म्हणून मी जिन्याकडे धावले. खाली आले तर फाटकासमोर दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या. आरसे गडग्याला घासलेले, दोघे मालक काचा खाली करून एकमेकांची आई-बहीण काढत होते. बाजूनं निघायला वीतभर जागा नव्हती. एक गाडी मागे सरेपर्यंत बाबा वळणापलीकडे गेले होते. त्या गावात वळणापलीकडे गेलेला माणूस गेलाच. तिथे आडवं धावायला धुरा नाही. मी नेहमीच्या वाटेनं समुद्रावर पोचले. ते तिथे नव्हते. गर्दी टाळायला ते दुसऱ्याच गल्लीनं गेले होते, हे मला नंतर कळलं. मग मात्र मी खूप हाका मारल्या. गाण्यांच्या आवाजात त्या मलाच ऐकू येत नव्हत्या.

शहाळी विकणाऱ्या बाईंनी त्यांना पाहिलं होतं; त्यांनी मला बोटानं दाखवलं. ते कठड्याच्या पार टोकाला टेकून बसले होते, तोंड पाण्याकडे. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागलीय. त्यांच्या शेजारी उभं राहून माणसं फोटो काढत होती. मी पोचले तेव्हा त्यांचा हात शर्टाच्या खिशात होता. गोळी जिभेखाली ठेवायला मी त्यांचं तोंड उघडलं; त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. चार तरुण पोरांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. ज्यांच्या नावानं मी आठवडाभर बोटं मोडत होते, त्यांच्यातलीच ती पोरं, आणि त्यातला एक रडत होता. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी अडकलेली, कारण मध्ये कोणीतरी गाडी आडवी लावून, किल्ली खिशात घालून पाण्यात उतरलं होतं. पोरांनी खुर्ची गाड्यांच्या वरून पलीकडे नेली. दवाखान्यात डॉक्टरांनी पाहिलं आणि मान हलवली. मी विचारलं, गोळी वेळेवर मिळाली असती तर? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. चांगले होते ते डॉक्टर. पण मला सांगता येतं.

मी बाबांना घरी आणलं. शब्द दिला होता. वर्धा मागे पडलं तसा रस्ता सरळ होत गेला आणि दोन्ही बाजूंना शेतं पसरली. चना खरंच घाट्यावर होता. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं विचारलं, मॅडम, गाव अजून किती लांब? मी म्हटलं, ते काय, दिसतंय. आमच्या ओट्यावर माणसं जमलेली होती, आणि त्यांनी आम्हाला फाट्यापासून येताना पाहिलं होतं.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. दुपारी काका येऊन चन्याचं, पाण्याच्या पाळीचं बोलून गेले आणि पांदणीला लागले. मी ओट्यावर उभी होते, बाबा उभे राहायचे तिथेच. काकांची पाठ लांब लांब जात होती. मला त्यांच्याशी काही काम नव्हतं. पण एक गोष्ट मला माहीत करून घ्यायची होती आणि ती विचारायला आता घरात कोणी उरलं नव्हतं.

"काका!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले.

ते थांबले. पहिल्याच हाकेला. वळले, डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि परत यायला लागले. सगळी वाट चालून आले.

"काऊन आवाज देल्ला वं बाई?"

"काही नाही काका. चुकून."

मला वाटलं चिडतील. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग चपला काढून ओट्यावर टेकले. "असू दे," म्हणाले. "मागून आवाज आला तं दोन मिनिटं बसाचं, घोटभर पाणी प्याचं अन मंग निंगाचं. काही होत नाई."

एवढाच होता तो उतारा. मी पाणी आणलं. देताना अर्धा पेला त्यांच्या पायावर सांडला. बाबाही असेच परत आले असते. चिडले असते, तुले एवढंही समजत नाई काय म्हणाले असते, दोन मिनिटं बसले असते, पाणी प्यायले असते आणि डबी खिशात टाकून सपाट बघायला गेले असते.

काकांनी पेला खाली ठेवला, "येतो," म्हणाले आणि निघाले. ते दिसेनासे होईपर्यंत मी उभी राहिले. फार वेळ लागला.