तळ्याकाठचा मुक्काम

तुम्ही कोण, कुठल्या, मला ठाऊक नाही. म्हणूनच हे लिहून तुमच्यापुढे तोंड उघडायला धजते आहे. ओळखीच्या माणसाला हे सांगवलं नसतं. नवऱ्याला सांगितलं नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा एवढा भाग गाळत आले — त्याला सगळं ठाऊकच असतं म्हणतात, पण त्याला ठाऊक असणं निराळं आणि आपल्या तोंडाने बोलणं निराळं. होय की नाही?

इथे ठाण्यात आमच्या आळीत मला फार भली समजतात. कुणाची बाळंतीण अडली, कुणाचं पोर तापाने फणफणलं, की राधाकाकूंना बोलवा. मी जाते. काढा उकळते, बडबड करते, रडणाऱ्या आयांना हसवते. घरी येऊन पाय धुताना मात्र दर वेळी मनात येतं — ह्यांना कळलं तर?

पण मी भलतीकडेच चालले. मला सवयच आहे. आधी विनूचं सांगते.

विनू माझा मुलगा. एकुलता. नुकता बोबडं सोडून स्वच्छ बोलायला लागला होता. त्याला हिवताप आला. आमच्याकडे तो काही नवा नव्हे. ठाणं म्हणजे तळीच तळी, शिवाय खाडी, मिठागरं. पण विनूचा ताप उतरेना. हुडहुडी भरली की चार गोधड्यांखाली खाट हलायची. तेव्हा आमच्या ह्यांनी धीर करून सरकारी दवाखान्यातून कोयनेलची बाटली आणली — ते कडू विलायती औषध, ज्याने हा ताप हटतो. माजघराच्या कोनाड्यात ठेवली. मी चमचा शोधायला वळले, तेवढ्यात जाऊबाई आल्या.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. कल्याणची लेक, माहेर भरलेलं, आवाज खणखणीत. घर त्यांच्या शब्दावर चाले. सोवळं तर इतकं कडक की चुलीत घालायचं लाकूडसुद्धा धुऊन घ्यायच्या. (पावसाळ्यात काय धूर व्हायचा म्हणून सांगू! डोळे चोळत भाकऱ्या थापायच्या.) त्यांनी बाटली कोनाड्यातून उचलली — फडक्याने धरून, हात लागू नये म्हणून — आणि मोरीत उपडी केली. "दारू असते त्यात. कुणाकुणाच्या हातची. घर बाटवायचं आहे का तुला, राधे?"

आमचे हे ओटीवर होते. सगळं ऐकलं. "पुन्हा आणतो," म्हणाले मला हळूच. आणली नाही. थोरल्या भावजयीपुढे बोलायची छाती कुणाची होती?

विनू गेला.

हे मी गिळलंही असतं. खरं सांगते. पोरं तेव्हा कुठल्या घरातून जात नव्हती? जाऊबाईंचं सोवळं खरं होतं, त्यांचा विश्वास खरा होता, असं मी मनाला समजावत होते. पण पुढल्या सालीच त्यांच्या गोपाळला तोच ताप आला. आणि दुसऱ्याच दिवशी — ऐकताय ना? — दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः गडी पाठवून दवाखान्यातून कोयनेल आणवलं. मधात कालवून स्वतःच्या बोटाने त्याला चाटवलं. मी दारात उभी होते. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आजाऱ्याला शास्त्राने मोकळीक दिली आहे."

गोपाळ उठला. मी शेजारी साखर वाटून आले. आणि त्या दिवसापासून माझ्या पोटात जे पेटलं ते विझलं नाही. पाणी भरताना, दळताना, त्यांचे पाय चेपताना — हो, पायही चेपत होते — ते तेवत राहिलं. तुम्ही कुणाचा असा द्वेष केलाय का, हसतमुखाने, वर्षानुवर्षं? त्याने माणूस वाळत नाही, बरं का. मी चांगली अंगाने भरले.

मग यात्रेची गोष्ट निघाली. गोकर्णाला महाबळेश्वराचा नवस होता, तो जाऊबाईंना फेडायचा होता. मुंबईहून आगबोटीने वेंगुर्ल्यापर्यंत, पुढे लहान गलबताने. आगबोटीवर त्या काही तोंडात घालणार नाहीत, तिथे सोवळ्यात शिजवता येत नाही. म्हणून वाटेत वेंगुर्ल्याकडे उतरायचं, स्वयंपाक करून चार घास नीट खायचे, आणि पुढचं गलबत मिळेतो तिथेच राहायचं. आणि तो मुलूख कुणाचा? माझा. माझं माहेर तिथल्या खाडीकाठचं. तिथे माझं कुणी उरलं नव्हतं, पण वाट, पाणी, घरं, हवा सगळं मला पाठ. घरात पहिल्यांदाच जाऊबाई मला काही विचारत होत्या.

"कधी जावं गं? शिवरात्रीला, की कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला?"

आता नीट ऐका, कारण इथेच सगळं आहे. शिवरात्रीला तिकडे हवा कोरडी, खाचरांतलं पाणी आटलेलं. ताप जवळजवळ नसतोच. पण जत्रा मोठी, आणि गर्दीत जुलाब-ओकाऱ्यांची पटकी उद्भवायची भीती. कार्तिकात गर्दी कमी, पण पाऊस नुकता सरलेला, डबकी भरलेली, खाडीकाठी घरटी एक माणूस गोधडीखाली. दोन्हीकडे काही ना काही होतंच. मनापासून सल्ला द्यायचा तर मी म्हटलं असतं — शिवरात्रीला जा, जत्रेपासून लांब उतरा, पाणी उकळून घ्या.

मी पटकीचीच गोष्ट सांगितली. माझ्या लहानपणी जत्रेहून परतलेल्या एका घरात सगळी माणसं कशी गेली, ते असं रंगवलं की जाऊबाईंनी कानांवर हात ठेवले. "पण कार्तिकात तिकडे हिवताप असतो म्हणतात ना?" त्यांनी विचारलंच, बाई हुशार होती. मी हसले. "तो घाटाखालच्या रानात हो. बंदरावर समुद्राचा वारा, तिथे कसला ताप?"

कार्तिक ठरला.

मग मुक्काम. टेकडीवर देवळाची ओवरी होती, वारा भरपूर. खाली पोफळीच्या बागेत भटजींचं घर, तळ्याला लागून. मी कुठलं सुचवलं असेल? "खालचं बरं, जाऊबाई. उजाडता स्नानाला तळं दारात. टेकडीवर पाणी चढवायचं म्हणजे सोवळ्याचे हाल." त्यांना पटलं. त्यांना सोवळ्याच्या नावाने काहीही पटे.

त्या तळ्यावर दिवे लागायच्या वेळी डासांचे थवे उठतात. आमच्या माहेरी वडिलांना डासांत झोप लागत नसे म्हणून ते बारा महिने मच्छरदाणीत निजत. घरात तापाने न कण्हलेलं माणूस तेवढं एकच. का, ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी पाण्याला दोष देई, कुणी हवेला. मला शास्त्र कुठलं कळायला? पण डोळे होते. मच्छरदाणीतला माणूस वाचतो एवढं मी पाहिलं होतं.

आमच्या ठाण्याच्या घरी एक मच्छरदाणी होती. भावोजींनी कुण्या साहेबाच्या सामानाच्या लिलावातून आणलेली. सामान बांधताना जाऊबाईंनी ती घडी करून माझ्यापुढे ठेवली. मी ती दोन बोटांनी उचलली आणि विचारलं, "ही साहेबाच्या बिछान्यावरची ना हो? सोवळ्याच्या गाठोड्यात चालेल?"

एवढंच. त्यांनीच ती बाजूला सारली.

कोयनेलची बाटलीही होती. गोपाळच्या दुखण्यापासून जाऊबाई ती घरात बाळगत. मी ती उजेडात धरली. "ही कुठे ठेवू, जाऊबाई? देवाच्या सामानात?" माझ्याकडे पाहिलं त्यांनी. क्षणभर वाटलं, ओळखलं. पण त्या म्हणाल्या, "राहू दे. यात्रेला निघालोय. तो आहे सांभाळायला."

मी फक्त विचारलं. हुकूम त्यांचा, निवड त्यांची, सोवळं त्यांचं. एवढी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. मोरीत औषध ओतताना जे सोवळं पुढे केलं, तेच आता त्यांच्यावर उलटलं, त्यात माझा काय दोष? किती सरळ वाटतं ना ऐकायला?

पण मी तुम्हांला आतापर्यंत असं सांगितलं, जणू जाऊबाई एकट्याच निघाल्या होत्या.

नवस गोपाळचा होता. तो त्या दुखण्यातून उठला तेव्हाच जाऊबाईंनी बोललेला — लग्नाआधी मुलाला पायांवर घालीन म्हणून. तो जाणार हे मला कधी कळलं, असं विचाराल तर पहिल्या दिवसापासून. कार्तिक म्हटलं तेव्हा ठाऊक होतं. तळ्याकाठचं घर म्हटलं तेव्हाही. त्याच्या आईला ताप आला असता तर माझं काय भागणार होतं? मला तिचा जीव नको होता. विनूच्या खाटेशी मी जशी बसले तसं तिने बसायला हवं होतं. हे मी कधी शब्दांत मनात आणलं नाही, पण आणलं नाही म्हणून ते नव्हतं असं थोडंच?

आणि गोपाळ गुणी हो. आईसारखा मुळीच नव्हे. मी आज हे लिहिते आहे ना, ती पहिली अक्षरं त्याच्याच पाटीवर पाहून गिरवली. तो मुद्दाम पाटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी विसरून जायचा. विनू गेल्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजायचा, मोठा झाला तरी.

निघायच्या आदल्या दिवशी मी मागल्या दारी तांदूळ निवडत होते, तिथे येऊन बसला. मिसरूड फुटलेलं, सुपातले दाणे उचलून तोंडात टाकतोय.

"काकी, तुमचा मुलूख बघणार मी. आईने म्हणे ती जाळी काढून टाकली. डास असतात का हो तिकडे? मला एक जरी गुणगुणला तरी झोप नाही."

तेव्हा वेळ होती. जाळी आत कोठीत घडी करून पडलेली होती. उठून आणायची आणि त्याच्या वळकटीत खुपसायची, आईला कळलंही नसतं. त्याने लपवली असती. माझ्यासाठी पाटी लपवणारा मुलगा तो.

"समुद्राचा वारा असतो रे," मी म्हटलं. "कुठले आलेत डास."

हेच. हेच मी कुणाला सांगितलं नव्हतं.

कार्तिक सरता सरता दोघं मायलेक परतली. स्टेशनावरून बैलगाडीत आडवा घालून आणला त्याला. ताप जाऊबाईंनाही होता, पण त्या निभावल्या. गोपाळच्या डोक्यात चढला. औषध दिलं, डॉक्टर घरात आले, चपलांसकट माजघरात आले, जाऊबाई हूं की चूं बोलल्या नाहीत. एकदा भ्रमात मला म्हणाला, "काकी, तळ्यावर किती हो डास!" हसून म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. तो गेला तेव्हा जाऊबाई खाटेच्या पायाशी बसल्या होत्या, अगदी मी बसले होते तिथे. मी पाहिलं. मनात काय आलं, विचारू नका — नको, सांगते. मनात आलं, आता फिटलं.

गोपाळचे दिवस झाल्यावर जाऊबाई चुलीपाशी आल्या, सोवळं नेसलेल्या, आणि खाली वाकून त्यांनी माझे पाय धरले. थोरल्या जावेने धाकटीचे पाय धरलेले तुम्ही कुठे पाहिलेत? "राधे, विनूचं औषध मी ओतलं गं. देवाने माझ्या पदरात घातलं."

मी त्यांना उठवलं. आणि म्हटलं, "देव बघत असतो, जाऊबाई."

त्यानंतर ती बाई बरीच वर्षं जगली. गोड सोडलं, पायांत चप्पल सोडली, सोमवार, प्रदोष, चातुर्मास, सगळं धरलं. विनूच्या तिथीला न चुकता ब्राह्मण जेवू घालायच्या. मी उपासाची रताळी उकडून त्यांच्या पुढ्यात ठेवायची आणि त्यांना ती खाताना बघायची. देवाने शिक्षा केली या समजुतीने त्या आतून पोखरत गेल्या, आणि एका वाक्यात मी ती समजूत पुसून टाकू शकले असते. जाऊबाई, देव नव्हे, मी. हे वाक्य मला गोड वाटत असे, म्हणूनच मी ते राखून ठेवलं. शेवटच्या आजारात माझा हात धरून विचारलं त्यांनी, "विनूने क्षमा केली असेल का गं मला?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक?"

मग आत्ताच का लिहायला बसले? अलीकडे घरात वर्तमानपत्र येतं, त्यात वाचलं की हिवताप म्हणे डासांच्या दंशातून येतो, असं डॉक्टर लोक सांगू लागलेत. ओटीवरचे पुरुष हसले. एवढासा डास आणि माणूस मारणार! मी नाही हसले. पाण्याने असेल, हवेने असेल, त्याची दोरीच तेवढी होती, असं म्हणायला मला आजवर जी थोडी जागा होती, ती त्या दिवशी गेली.

गोपाळसाठी मी रडते. भाजी चिरताना, कुणाचं पोर पाटी घेऊन बसलं की, कुठेही. जाऊबाईंसाठी रडू येतं का, पाहिलं करून. येत नाही. त्या वर गेल्या असतील आणि त्यांना तिथे खरं कळलं असेल, तर त्या मला शिव्या देत असतील. देऊ देत. माझ्या विनूची बाटली मोरीत ओतणारी ती बाई मला अजून दिसते, फडक्याने बाटली धरलेली, आणि अजून माझे दात आवळतात.