चिकटपट्टी लावलेली कॅसेट

खेड्यातल्या चर्चमध्ये गाणं शिकून जगभर गाजलेला तो अमेरिकन कंट्री गायक गेल्याची बातमी आज वाचली आणि जुन्या कॅसेटचा वास नाकात भरला.

माझा थोरला भाऊ मिलिंद त्याची गाणी गिटारवर म्हणायचा. स्वारगेटजवळच्या अपघातात तो गेला, तेव्हा त्याच्या आवाजाची एकच कॅसेट उरली. ती पुसली जाऊ नये म्हणून त्याने तिच्या कडेचे प्लास्टिकचे तुकडे मोडून ठेवले होते. पुन्हा रेकॉर्डिंग करता यावं म्हणून मी त्या खाचांवर चिकटपट्टी लावून कोऱ्या बाजूवर त्या गायकाची गाणी भरायला गेलो आणि बाजू चुकली; मिलिंदचा आवाज पुसला गेला.

संध्याकाळी आईने कॅसेट लावली.

"आवाज जड वाटतोय रे त्याचा."

"टेप जुनी झालीय, आई."

त्यानंतर तिने कधीच विचारलं नाही. मरेपर्यंत रोज तो परका आवाज ऐकत राहिली. तिला फरक कळला नाही, असं मी इतकी वर्षं समजत होतो. आता माझाही मुलगा मोठा झाला आहे. त्याचा नुसता खोकलाही मला भिंतीपलीकडून ओळखू येतो.