शेवटचं ताट आधी

माझ्या बाबांचं निम्मं आयुष्य हवेत गेलं. हे मी चिडवायला म्हणत नाही. ते मालधक्क्यावर उंच क्रेन चालवायचे. सकाळी लोखंडी शिडी चढून काचेच्या केबिनमध्ये बसले, की संध्याकाळपर्यंत खाली उतरत नसत. चहाची तलफ आली की दोरीला बांधलेली बादली खाली सोडायची, टपरीवाल्याने त्यात चहा ठेवला की वर ओढायची. त्या केबिनवर त्यांचा असा काही जीव होता, की आई म्हणायची, "ह्यांचं पहिलं लग्न क्रेनशी झालंय. मी नंतर आले."

एका वर्षी कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीत त्यांना धरलं. साखर वाढलेली, वजन वाढलेलं, शिडी चढताना दम लागलेला. "पुढच्या तपासणीपर्यंत हे उतरवा, नाहीतर केबिन विसरा. खाली गोदामात बसवीन," असं म्हणून त्यांनी कागदावर एक गोल काढून दाखवला. अर्धं ताट भाज्यांचं, पाव भाग डाळ, अंडी किंवा मासे, उरलेल्या पाव भागात भात नाहीतर पोळी. गोड क्वचित. बाबा घरी आले ते तोंड पाडून. गोदामाला ते जन्मभर तळघर म्हणत आले होते.

आईने ते मनावर घेतलं. घरात सगळ्यांसाठी तेच शिजायला लागलं आणि आम्ही सगळेच पथ्यावर बसलो. आजोबांच्या तोंडात दात औषधालाही नव्हते, दादा त्या वर्षी ताडमाड वाढत होता, आणि मला दुधी बघितला तरी रडू यायचं. पण बाबांची केबिन वाचायला हवी होती, म्हणून गप्प बसलो. आई पहाटे उठून त्यांचा डबा भरायची, उसळ, काकडी, उकडलेलं अंडं. संध्याकाळी डबा लख्ख रिकामा यायचा आणि आई खूश व्हायची.

वजनाचा काटा मात्र खाली यायचं नाव घेईना. आईला कळेना, चुकतंय कुठे.

बिंग फुटलं ते एका सुट्टीच्या दिवशी. क्रेनखाली उभं राहून हातांनी इशारे करणारा बाबांचा जोडीदार, आमचा इशारेकाका, पिशवीभर संत्री घेऊन दारात उभा राहिला. पूर्वी त्याचं पोट त्याच्या आधी घरात शिरायचं. आता विजार पट्ट्याने आवळलेली.

"वहिनी, तुमच्या हाताला देवच आहे बघा," तो म्हणाला. "तुमच्या डब्यानं माझी साखर उतरली!"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे पाहायला लागले. मग सगळं बाहेर आलं. रोज दुपारी त्या बादलीतून आईचा डबा खाली जायचा आणि टपरीवरचे क्रीमचे बन वर यायचे. आम्ही घरात दुधी गिळत होतो आणि हा माणूस हवेत मेजवान्या झोडत होता! दादा तर असा भडकला, की त्याने बाबांशी दोन दिवस अबोला धरला.

आई ओरडली नाही. रात्री जेवायच्या वेळी तिने पळी बाबांच्या हातात दिली.

"आजपासून वाढायचं तुम्ही. कुणाला काय, किती, तुम्ही ठरवा. दिवसभर एवढाली ओझी तोलता, पाच ताटं तोलून दाखवा."

बाबांना वाटलं, आपला हात जगन्नाथ, बरं झालं. त्यांनी ऐटीत वाढायला सुरुवात केली. आजोबांना कच्चं गाजर वाढलं. आजोबा ते बराच वेळ नुसतं चोखत बसले. दादाने दोनदा डाळ मागितली, दोनदा मिळाली. मी भाजी नको म्हटलं, तर माझ्या वाटणीची दादाला गेली. आईपुढे त्या रात्री दुसऱ्या कुणीतरी वाढलेलं ताट होतं आणि ती पाहुण्यासारखी अंग चोरून बसली होती.

मग बाबा स्वतःचं ताट घेऊन बसले. पातेल्यात भाताची खरवड, डाळीचं पाणी आणि भाजीचं एक देठ.

"एवढंच उरलं?"

"वाढणाऱ्याला एवढंच उरतं," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता, मीठ सरकवा म्हणावं तसा.

"मग तू रोज काय खातेस?"

"भात असतो की. भात आणि मीठ. कधी डाळ उरली तर डाळ."

बाबांनी पळी पातेल्यात ठेवली. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. एवढ्या उंचावरून धक्क्यावरचं खोकंन् खोकं दिसणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातलं एक ताट दिसलं नव्हतं. मलाही दिसलं नव्हतं, पण मी लहान होते, आणि राग मला त्यांचाच आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओट्यावर पाच ताटं ओळीने मांडली आणि पहिल्यांदा स्वतःचं भरलं. दादा उसळलाच. "बघा! खादाडपणा काही जात नाही!"

"खादाडपणा नाही रे," बाबा म्हणाले. "ज्याच्या हातात पळी, त्याचं ताट आधी. उद्या पळी तुझ्या आईच्या हातात असेल."

त्यानंतर आमच्या जेवणाची तऱ्हाच बदलली. पाचही ताटं एकदमच भरायला घेतल्यावर भाजी कमी पडते हे त्यांच्याच लक्षात आलं, मग घरी येताना ते स्वतः भाजी आणायला लागले. आजोबांना मऊ शिजवलेला भोपळा आणि अंडं, दादाला डाळ जास्त, आईला पालेभाजी आणि कडधान्य वगळू द्यायचं नाही. ताटाकडे मान तिरकी करून बघायचे आणि म्हणायचे, "हे भाताकडे कललंय, उतरवा थोडं." माझ्या दुधीवर मात्र त्यांनी दया केली आणि गाजर दिलं. बन काही एका दिवसात सुटले नाहीत. जित्याची खोड ती. पण आधी रोजचे होते ते आठवड्याचे झाले, आणि पुढे इशारेकाकाच टपरीवाल्याला डोळे वटारायला लागला.

पुढच्या तपासणीला आईही गेली आणि मला सोबत नेलं. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिले. "छान! केलंत काय एवढं?"

बाबांनी टोपी हातात फिरवली. "काही नाही बाई. एक दिवस घरात शेवटी जेवून पाहिलं."

बाईंना काही कळलं नाही. आईला कळलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

ती क्रेन आता नाही, तोडून भंगारात नेली. धक्क्यावर गेलं तर ओळखीचं काही दिसत नाही. पण कधी मी ओट्याशी उभ्या उभ्या पातेल्यातलंच उरलंसुरलं खायला लागते, तेव्हा तो दिवस आठवतो, खूप आठवतो, आणि मी मुकाट्याने ताट घेते.

त्या दिवशी तपासणीहून आम्ही तसेच धक्क्यावर गेलो होतो. बाबा शिडी चढून वर गेले, दम न लागता. आई प्रथमच ती केबिन बघत होती, मान मागे टाकून, डोळ्यांवर हात धरून. थोड्या वेळाने वरून बादली निघाली. इशारेकाका सवयीने हात हलवत राहिला, खाली, अजून खाली, थांब. बादलीत सकाळी आईनेच भरलेला डबा होता.

"हे काय? तुम्ही काय खाणार?" आई ओरडली.

वरून काहीतरी उत्तर आलं, ते वाऱ्यात गेलं. काका वरचे हातवारे बघून हसला. "वहिनी, साहेब म्हणतात, अर्धं ठेवून वर पाठवा. पण आधी तुम्ही."

सगळा धक्का बघत होता. आई लाजली, पदराने तोंड पुसलं, एका रिकाम्या खोक्यावर बसली आणि सगळ्यांच्या आधी जेवली.