एक गाडी वाळू

कुणाबद्दल लिहावं एवढी माझी पात्रता नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तरी लिहितो, त्याबद्दल माफ करा.

राजधानीत आर. के. पुरमला आमच्या बसस्टॉपमागे एक प्राथमिक शाळा होती. कंत्राटावरचे एक सर तिथे मुलांना लांब उडी शिकवायचे. प्रत्येक उडीनंतर ते वाकून वाळूतली खूण हातानं पुसून टाकत. एकदा मी कुंपणाच्या जाळीतून कारण विचारलं.

"दूसरे का निशान दिख जाए, तो बच्चा उतना ही कूदता है, बेटा."

"सर, आप कूद के दिखाओ ना," एक चिमुरडी म्हणाली.

"मैं कूदा तो ये गड्ढा छोटा पड़ जाएगा," पोटावर हात फिरवत ते म्हणाले.

वाळू कमी होऊन खालची जमीन लागू लागली होती. एक गाडी वाळू मिळावी म्हणून त्यांनी माझ्याकडून इंग्रजीत अर्ज लिहून घेतला. अर्ज जोरदार व्हावा म्हणून, मुलांचे पाय मोडतील, असं मी त्यात तीनदा लिहिलं. त्यांनी न वाचताच सही केली.

पुढे माझ्या परीक्षा आल्या. नंतर सर दिसेनात. शेवटी शाळेच्या चौकीदाराकडून कळलं. खड्डा धोकादायक ठरवून बुजवला होता, वर फरशी घातली होती. उड्यांचा तास बंद झाला आणि सरांचं कामही गेलं. आता ते मानेसरला एका कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याला उभे असतात.

जाताना ते चौकीदाराला म्हणाले होते, "लड़के ने अर्ज़ी बहुत अच्छी लिखी थी."